पानशेतच्या काठावरील खासगी जमीन आणि शहराचे पिण्याचे पाणी: खर्चाचा वाटा कसा ठरवावा?

प्रश्न (कोथरूडकर)

पानशेत जलाशयाच्या वरच्या अंगाला आमची वडिलोपार्जित सामाईक जमीन आहे. खाली भातखाचरे, वर वरकस (हलक्या, मुरमाड जमिनीचा) उतार आणि मधून वाहणारी एक खोल ओघळ अशी तिची रचना आहे. पावसाळ्यात ओघळीतून माती आणि काकांच्या गोठ्यातील शेणाचे पाणी थेट जलाशयाकडे जाते. ओघळीत अनगड (न घडवलेल्या, नुसत्या रचलेल्या) दगडांचे बांध घालावेत, काठाने गवताचा रुंद पट्टा राखावा आणि गोठ्याशेजारी बायोगॅस संयंत्र बसवावे, असा विचार आहे. काका म्हणतात, पाणी पुणे पिणार, तर पैसेही पुण्यानेच द्यावेत. मला हे अर्धेच पटते. अशा कामात सार्वजनिक वाटा किती असावा आणि तो कोणत्या निकषावर ठरावा?

उत्तर १ (निवृत्त मृदसंधारण कर्मचारी)

तिन्ही कामांना एकच टक्केवारी लावू नये, हे माझे पहिले सांगणे. बायोगॅसमुळे तुमच्या काकांच्या घरातील गॅस वाचेल आणि शेताला स्लरी (संयंत्रातून उरणारे पातळ शेणखत) मिळेल, म्हणजे लाभ मुख्यतः त्यांचा. त्यामुळे तेथे त्यांचा वाटा मोठा असणे योग्य. ओघळीतील बांधांचा लाभ तुमच्या खाचरांना थोडा आणि जलाशयाला जास्त. गवताच्या पट्ट्याचे मात्र उलटेच आहे: त्यात तुमचे नुकसान आहे, कारण तेवढी जमीन पिकातून जाते आणि ते नुकसान दरवर्षी होते. आपल्याकडील अनुदान बांधकामाला मिळते, सोडलेल्या पिकाला नाही. अमेरिकेत 1985 पासून चालू असलेल्या संवर्धन राखीव कार्यक्रमात शेतकऱ्याशी 10 ते 15 वर्षांचा करार करून अशा जमिनीचे वार्षिक भाडे दिले जाते, ही गोष्ट येथे विचारात घेण्यासारखी आहे.

पाणलोट विकासासाठीच्या केंद्र सरकारच्या 2008 च्या सामायिक मार्गदर्शक सूचनांत खासगी जमिनीवरील मृद व जलसंधारणाच्या कामासाठी मालकाची वर्गणी किमान 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचे आणि अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी यांच्यासाठी किमान 5 टक्के ठरवली होती. ती रोख किंवा श्रमाच्या रूपाने देता येत असे. ही वर्गणी पाणलोट विकास निधीत जमा होई. मात्र त्या निधीतून सामुदायिक कामांची डागडुजी करायची, खासगी जमिनीवरील कामांची नाही. म्हणजे बांध फुटला तर तो दुरुस्त करणे मालकाकडे. माझ्या नोकरीच्या काळात दोन पावसाळ्यांत दगड वाहून गेलेले बांध मी पुष्कळ पाहिले, आणि बहुतेक ठिकाणी भांडण खर्चाच्या वाट्याचे नव्हते, तर दुरुस्ती कोणी करायची हे कधी ठरलेच नव्हते. म्हणून टक्केवारीआधी देखभालीची मुदत लेखी ठरवावी.

तांत्रिक बाब: शेण-खतातील स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या बारीक कणांना चिकटून वाहते, म्हणून बांध आणि गवत त्याला बऱ्याच अंशी अडवतात. शेण-खतातील नत्रापासून होणारे नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून जमिनीत मुरते; ते बांधाने थांबत नाही. गोठ्याचा बंदोबस्त केल्याशिवाय नुसत्या बांधांवर खर्च करू नये.

उत्तर २ (मुठाकाठ)

न्यूयॉर्क शहराने 1990 च्या दशकात, आपले पिण्याचे पाणी जेथून येते त्या कॅट्सकिल डोंगरातील शेतांवरील अशा कामांचा खर्च स्वतः उचलला, कारण गाळणी प्रकल्प उभारण्यापेक्षा ते स्वस्त होते. काकांचा मुद्दा त्यामुळे अगदीच चुकीचा नाही. परंतु एक शंका आहे. जलाशयाभोवती आता शेतांपेक्षा फार्महाऊस दिसतात. त्यांच्या मैलापाण्याच्या टाक्यांनाही आपण अनुदान द्यायचे का? तेथे प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च करावा. आणि शहराने हे विचारताना आपला आरसाही पाहावा: आपले सांडपाणी मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जाते, त्याचा वाटा आपण कोणाला देतो?

उत्तर ३ (वेल्ह्याकडचा)

फार्महाऊसवाल्यांबाबत सहमत. मात्र गावकऱ्याकडून वाटा मागताना रोख मागू नका, श्रमाचा मागा. आमच्याकडे दगड आहे, माणसे आहेत, पैसा भात विकल्यावरच हाती येतो. स्वतःच्या हाताने रचलेल्या बांधाकडे माणूस पावसातही बघायला जातो; ठेकेदाराने घातलेला बांध कोणाचाच नसतो. आणखी एक सूचना: पूर्वसंमती येण्याआधी काम सुरू केले की अनुदान बहुधा बुडते. आमच्या एका शेजाऱ्याचे तसेच झाले आणि कार्यालयात कोणीही त्याचे ऐकून घेतले नाही. सामाईक सातबारा असेल, तर सर्व खातेदारांची संमती आधी घ्या.

प्रश्नकर्ता (कोथरूडकर)

सर्वांचे आभार. बायोगॅसचा वाटा काकांचा, बांधासाठी आमचे श्रम आणि सार्वजनिक साहाय्य, असा प्रस्ताव मी रविवारी घरी मांडणार आहे. गवताच्या पट्ट्यासाठी वार्षिक मोबदल्याची सोय नाही, तोवर तो तीन मीटरच ठेवू. सातबाऱ्यावर आम्ही अकरा खातेदार आहोत, त्यातील दोघे मुंबईला असतात. त्यामुळे खरी अडचण अजून पुढेच आहे.