मार्गिट काही केल्या मरत नाही: एल्डन रिंगच्या बॉससाठी सल्ला हवाय

घाटावरचा

नमस्कार मंडळी,

२०२२ साली सगळं जग एल्डन रिंग खेळत होतं तेव्हा माझ्याकडे तो चालेल असा संगणक नव्हता. आता जुळून आलंय, तर स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातच गाडी अडली आहे. मार्गिट. सुरुवातीला बरं चालतं, मग त्याच्या हातात तो उजेडाचा हातोडा येतो आणि खेळ खलास.

माहिती आधीच देतो म्हणजे कुणी विचारायला नको. सामुराई, लेव्हल १८, व्हिगर (तब्येत वाढवणारा गुण) १२, डेक्स्टेरिटी (चपळाई) २४. उचिगाताना तलवार +१. चिलखत मिळालं तसं चढवत गेलोय. रोलचं (कोलांटी मारून वार चुकवायचं) बटण वेळेवर दाबतो, तरी मार बसतोच. हा गेम खरंच हाताच्या वेगाचा आहे का? माझं वय चाळिशीपार आहे. तसं असेल तर सांगा, मी शेतीचा गेम घेतो.

साडेसाती

९ ला सुरू झालास, १८ ला आलास, नऊच्या नऊ पॉइंट डेक्समध्ये. व्हिगर वाढव. दुसरा सल्ला नाही.

रात्रपाळी

वयाचा काही संबंध नाही. मार्गिट हा वेगवान हातांना मुद्दाम शिक्षा करणारा बॉस आहे.

पुढच्या वेळी लढू नकोस, नुसता बघ. तो काठी डोक्यावर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. आपल्याला वाटतं आली, आपण रोल मारतो, उठतो, आणि मग ती काठी खाली येते. स्लोअर बॉलला आधीच बॅट फिरवून बसणाऱ्या फलंदाजासारखं होतं. म्हणून काठी वर गेली की बटणाला हात लावायचा नाही. खांदा पुढे झुकून हात खाली यायला लागला की रोल. पहिल्यांदा फार उशीर होतोय असं वाटेल, वाटू दे.

दुसरं म्हणजे दिशा. मागे रोल मारलास तर काठी लांब असल्यामुळे टोक लागतं, शिवाय तू लांब गेलास की तो उडी मारून अंगावर येतो. रोल त्याच्याकडे मारायचा, काठीच्या खालून, त्याच्या कुशीत. रोलच्या सुरुवातीचा क्षणभर मार लागत नाही, त्यामुळे वारातून आरपार जाता येतं. उडी मारून येतो तेव्हाही पुढेच. उठलास की त्याची पाठ तुझ्यासमोर असते.

तिसरं, फ्लास्क, म्हणजे तब्येत भरणारं पेय. तू प्यायला लागलास की तो उजेडाचा सुरा फेकतो. हा योगायोग नाही, तो तुझं पिणं ओळखतो. म्हणून त्याचा मोठा वार चुकवल्यावर, तो सावरत असताना प्यायचं. जीव घाबरला म्हणून प्यायचं नाही.

आणि दोन वार झाले की बाहेर. तिसऱ्याचा मोह होतो, तिथेच तो मारतो.

भटकी_वाट

वरचं सगळं खरं, पण मुळात तू तिथे लवकर पोचला आहेस. ग्रेस म्हणजे विश्रांतीची जागा, तिथून निघणारा तो सोनेरी झोत किल्ल्याकडे बोट दाखवतो म्हणून सगळे सरळ जातात. झोत फक्त रस्ता सांगतो, आत्ताच जा असं म्हणत नाही. सुरुवातीलाच घोड्यावरचा सोनेरी ट्री सेंटिनेल भेटला होता ना? तो याच धड्यासाठी ठेवलाय: जमत नसेल तर वळसा घाल.

तर वळसा असा. अगील तळ्याच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनेल्स नावाची खाण आहे. तिथे स्मिथिंग स्टोन मिळतात. +१ ला दोन, +२ ला चार, +३ ला सहा, म्हणजे +३ पर्यंत एकूण बाराच दगड लागतात. तुझे दोन झालेत, दहा गोळा कर. चर्च ऑफ एलेमधल्या टेबलावर +३ पर्यंत स्वतःच ठोकता येतं, लोहाराची गरज नाही. सुरुवातीला पाच लेव्हल वाढवून जेवढं नुकसान वाढत नाही तेवढं हत्यार दोन पायऱ्या चढवून वाढतं. हे गेम कुठेच नीट सांगत नाही.

मग दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुला. तिथल्या तीन चर्चमध्ये तीन सेक्रेड टिअर आहेत, त्याने फ्लास्कचा एक घोट जास्त तब्येत भरतो. वाटेत चमकणारी लहान सोनेरी झाडं दिसतील, त्यांच्या बुंध्याशी गोल्डन सीड असतं, त्याने घोटांची संख्या वाढते. लिमग्रेव्हच्या पूर्वेला थर्ड चर्च ऑफ मारिकामध्ये वंड्रस फिजिकचा फ्लास्क ठेवलाय, तोही उचल. हे सगळं करेपर्यंत लेव्हल आपोआप २५-३० होते. त्यासाठी वेगळं दळण दळावं लागत नाही.

हो, स्टॉर्महिलवर गोल दगडी एव्हरगेओल (जादूचा तुरुंग) दिसेल. त्यात आत्ता जाऊ नकोस. आतला क्रुसिबल नाइट मार्गिटपेक्षा खडूस आहे.

घाटावरचा

बापरे, भरपूर मिळालं. धन्यवाद! अजून एक. लोक व्हिडिओत लांडगे बोलावतात. माझ्याकडे ते बोलवायची घंटी नाही. सुटली का कायमची?

कुंभारआळी

घंटी रेन्ना देते, चर्च ऑफ एलेमध्ये. टॉरेंट घोडा मिळाल्यावर तिथे परत गेलं की मोठ्या टोपीतली बाई बसलेली असते. तुझी चुकली असेल तरी काळजी नको. मेलिनाबरोबर (लेव्हल वाढवून देणारी बाई) राउंडटेबल होल्डला जा, तिथल्या जुळ्या बायकांकडे घंटी १००० रून्सला (गेममधलं चलन) मिळते. आणि स्टॉर्महिलच्या झोपडीत लाल टोपडं घातलेली रॉडरिका रडत बसलेली असते, तिच्याशी पूर्ण बोल. ती जेलीफिशची राख देते; घंटी वाजवून राखेतून मदतीला आत्मा बोलावतात. जेलीफिश जागची फारशी हलत नाही पण मार बराच खाते, आणि मार्गिट तिच्याकडे वळला की तुला पाठ मिळते.

राख कुठेही चालत नाही. स्क्रीनच्या डावीकडे लहान थडग्याचं चिन्ह आलं तरच. मार्गिटच्या पुलावर येतं.

शिवाय धुक्याच्या दाराबाहेर जमिनीवर सोनेरी सही दिसते, तो जादूगार रोजिअर. त्याला बोलाव.

ढालकरी

लांडगे, जेलीफिश, रोजिअर... मग तुम्ही काय करणार, टाळ्या वाजवणार?

सामुराईची सुरुवातीची ढाल कुचकामी आहे, ती टाका. शारीरिक मार १०० टक्के अडवणारी ढाल घ्या, गॉड्रिकच्या शिपायांकडून ब्रास शील्ड पडते. वार ढालीवर घ्यायचा आणि लगेच जोराच्या वाराचं बटण. याला गार्ड काउंटर म्हणतात. चार-पाच बसले की मार्गिट गुडघ्यावर येतो, मग समोर जाऊन घाव. कुणालाही बोलवावं लागत नाही.

कुंभारआळी

@ढालकरी, ती राख गेम बनवणाऱ्यांनीच दिलीय, चोरून आणलेली नाही. आणि ढालीचं अर्धंच सांगितलंत. मार्गिटची काठी ढाल अडवते, पण उजेडाचे सुरे आणि हातोडा होली (पवित्र शक्तीचं) नुकसान करतात, ते ढालीतून झिरपतं. म्हणजे प्रश्नकर्ता जिथे मरतोय नेमका तिथेच तुमचा उपाय गळतो.

ढालकरी

गळतो, फुटत नाही. पण मुद्दा मान्य. हातोडा दिसला की रोल, काठी दिसली की ढाल.

साडेसाती

व्हिगर.

(कुणीतरी आकडे मागेल म्हणून: ४० ला तब्येत १४५०, ६० ला १९००. ६० च्या पुढे पॉइंट टाकणं म्हणजे पाण्यात. आत्ता २० पर्यंत ने, बाकी पुढे.)

तिसरी_घंटा

कुणीच वजनाचं विचारलं नाही. "मिळालं तसं चढवत गेलोय" वाचून शंका आली. इक्विपमेंटच्या पानावर इक्विप लोड बघा. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर रोल नीट, वर गेलं की धपकन पडल्यासारखा रोल होतो आणि मार बसतोच. वजन जास्त असेल तर आधी शिरस्त्राण आणि हातमोजे काढा, छातीचं चिलखत राहू द्या. न वापरलेलं धनुष्यसुद्धा वजनात धरलं जातं. सामुराईला सुरुवातीलाच लाँगबो मिळतो, तो पाठीवर लटकतोय का बघा.

आणि हे गेमबाहेरचं, पण महत्त्वाचं: टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीत गेम मोड चालू करा. नाहीतर चित्र उशिरा दिसतं आणि माणूस स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. फ्रेम खालीवर होत असतील तर ग्राफिक्स कमी करा. गवत सुंदर दिसण्यापेक्षा काठी वेळेवर दिसलेली बरी.

घाटावरचा

@तिसरी_घंटा ताई/दादा, लोड ७४ टक्के होता! धनुष्य होतंच पाठीवर. आणि हो, टीव्हीवरच खेळतो.

पाच_हजारी

पॅचेसचं कुणी सांगितलं नाही? मर्कवॉटर केव्हमध्ये पेटी उघडली की पॅचेस नावाचा एक टकल्या अंगावर येतो. अर्धा मेला की हात जोडून बसतो. तेव्हा मारू नका. सोडलंत तर तो दुकान मांडतो आणि ५००० रून्सला मार्गिट्स शॅकल विकतो. ती वापरली की जमिनीतून सोनेरी साखळ्या येऊन मार्गिटला दाबून ठेवतात. फक्त पहिल्या टप्प्यात आणि दोनदाच.

सामुराईने त्या वेळात उचिगातानाचं अनशीथ हे खास कौशल्य वापरावं. तलवार म्यान करून बसायचं आणि जोराच्या बटणाने काढायची. त्याने नुकसानही होतं आणि तोलही जातो. उचिगाताना रक्तही काढते, मार्गिटला ते लागू पडतं. ठरावीक वार जवळजवळ बसले की तब्येतीचा मोठा लचका एकदम तुटतो.

बाकी त्या पॅचेसवर पुढेही विश्वास ठेवू नका, एवढंच सांगतो.

रात्रपाळी

हातोड्याबद्दल राहिलं. दुसऱ्या टप्प्यात तो हवेत उंच उडी घेऊन हातोडा आपटतो. तेव्हा लांब पळण्यापेक्षा तो खाली येताना त्याच्या दिशेने रोल. आणि हातोडा आपटून झाल्यावर लगेच धावून जाऊ नकोस, बऱ्याचदा काठीचा एक वार मागून येतो. तो गेला की तुझे दोन. तेवढंच.

नवीन_खाते

धागा पळवतोय, माफ करा. माझं मलेनिया या दुसऱ्या बॉसशी अडलंय. तिचं ते हवेत उडून तलवारीचं वादळ कसं चुकवायचं? ढालही धरून बघितली.

रात्रपाळी

ढाल धरू नका. तिचा वार ढालीवर बसला तरी तिची तब्येत भरते, या बॉसचं सगळं दुखणं तेच आहे. म्हणून तिथे राख बोलावतानाही विचार करायला हवा. राख मार खाते म्हणजे मलेनिया जेवते. बोलवायची तर मार चुकवणारी.

वादळासाठी: ती हवेत थांबली की त्याच क्षणी उलटं पळत सुटायचं. पहिला झपाटा पळूनच चुकतो, तेव्हा अंगाशी असाल तर जवळपास मेलातच. दुसऱ्या झपाट्यात तिच्या खालून पुढे रोल, तिसऱ्यात पुन्हा तसाच. तिची तब्येत थोडी उतरेपर्यंत ती हे करत नाही, त्यामुळे सुरुवातीला मोकळेपणाने भिडा आणि नंतर सतत पळायला जागा राखून खेळा. एवढं करूनही ती तुमच्यासारखीच मार बसला की डगमगते. जड हत्याराने तिची चाल मोडते. रक्त आणि फ्रॉस्ट दोन्ही लागू.

कुंभारआळी

आणि अगदीच नाही जमलं तर बाहेरच्या सह्या बघा. २०२२ मध्ये एक खेळाडू डोक्यावर मडकं घालून, अंगावर चिलखत नाही, अशा अवतारात अनोळखी लोकांसाठी तिला एकटा मारून द्यायचा. लेट मी सोलो हर हे त्याचं नाव. आमच्या आळीची शान. माणसं बोलावली की बॉसची तब्येत वाढते, राखेने वाढत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

ढालकरी

बघा, शेवटी टाळ्याच.

घाटावरचा

गेला! मार्गिट गेला!

लेव्हल २८, व्हिगर २०, तलवार +३, धनुष्य पेटीत, टीव्ही गेम मोडवर. रोजिअर आणि जेलीफिश दोघेही होते, ढालकरींनी कृपया राग मानू नये. सर्वांत उपयोगी पडलं ते खांदा बघणं. काठी वर असताना मी तोंडाने "थांब, थांब" म्हणत होतो, बायकोला वाटलं फोनवर आहे. त्यात तिने हाक मारली आणि हा गेम पॉज होत नाही, तो वेगळाच बॉस.

आता किल्ल्यात शिरतोय. दारावर एक कुबडा भेटला, म्हणतो मोठ्या दरवाज्याने जाऊ नका, बाजूच्या भगदाडातून जा. ऐकू का? आणि पुढचा बॉस कोण?

भटकी_वाट

अभिनंदन! भगदाडाचं ऐक, मुख्य दारावर बाण लावून बसलेत. पण तो गोस्टॉक तू किल्ल्यात मेलास की तुझ्या रून्समधला वाटा हाणतो, त्यामुळे जवळ जास्त ठेवू नकोस. लेव्हलला खर्च करून टाक.

पुढचा गॉड्रिक. त्याच्या अलीकडे एका खोलीत नेफेली लू नावाची योद्धा असते, तिच्याशी बोलणं संपेपर्यंत बोल, तरच धुक्याबाहेर तिची सही उमटते. गॉड्रिकलाही रक्त लागू पडतं. दुसऱ्या टप्प्यात तो ड्रॅगनचं डोकं हाताला जोडतो आणि आग ओकतो. तेव्हा समोरून बाजूला होऊन त्याच्या पाठीशी जा, आग संपेपर्यंत मोकळे वार मिळतात. पॅचेसची साखळी तिथे काढू नकोस, ती गॉड्रिकवर चालत नाही.

साडेसाती

व्हिगर २५.