गोवंश हत्याबंदीचा 2015 चा कायदा : थकलेल्या जनावराचा खर्च कोणी सोसायचा?

सांगोलेकर

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यानेच मनाई होती. बैल आणि वळू मात्र निकामी झाल्याचा दाखला मिळाल्यावर खाटकाकडे जाऊ शकत. ही वाटही बंद करणारी दुरुस्ती युती सरकारच्या काळात 1995 मध्ये विधिमंडळात मंजूर झाली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळण्यात जवळजवळ वीस वर्षे गेली आणि मार्च 2015 पासून ती लागू झाली. या कायद्यावरची चर्चा बहुधा धर्म आणि आहार या दोनच मुद्द्यांभोवती फिरते. मला जनावर पाळणाऱ्याची बाजू मांडायची आहे.

खोंड घ्यायचा, शिकवायचा, आठ-दहा वर्षे औताला जुंपायचा आणि थकला की विकून आलेल्या पैशांत पदरचे थोडे घालून नवा खोंड दावणीला आणायचा, हा व्यवहार आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कोणी तो आनंदाने करत नव्हते. बैल विकून आल्यावर घरात चूल न पेटल्याचे आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहे. पण त्या पैशांशिवाय नवी जोडी होत नव्हती, हेही तितकेच खरे. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात आजही व्यापारी आधी बैलाचा जबडा उघडून दात पाहतो, पाठीवर थाप मारून चार पावले चालवतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. बैल जुळून, म्हणजे त्याचे सगळे पक्के दात येऊन, बरीच वर्षे लोटल्याचे दिसले, की आता खांद्यावरचा रुमाल खाली येतच नाही.

अशा बैलाला निव्वळ वैरणीचे दिवसाला शंभर रुपये धरले, तरी वर्षाचे 36,500 रुपये होतात, आणि तो आणखी चार-पाच वर्षे सहज जगतो. ज्याची जमीनच दोन-तीन एकर कोरडवाहू आहे, त्याने हा खर्च कोठून काढावा, याचे उत्तर कायद्यात कोठेही नाही. समाजाची श्रद्धा जपायची असेल तर जपावी. तिचे बिल मात्र एकट्या शेतकऱ्याच्या नावावर फाडले गेले आहे, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

देवणीवाला

सांगोलेकर, आपण मांडणी संयमाने केली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. माझ्या घरी देवणी जातीची जनावरे आहेत आणि हाळी-हंडरगुळीचा बाजार मी लहानपणापासून पाहतो आहे, त्यामुळे हे शहरातल्या माणसाचे मत समजू नये.

पहिली गोष्ट, हा कायदा 2015 मध्ये कोणाच्या लहरीने आलेला नाही. संविधानाचे 48 वे कलम गाई, वासरे आणि इतर दुभत्या व जुताऊ जनावरांच्या कत्तलीस प्रतिबंध करण्याचे निदेशक तत्त्व सांगते, आणि त्यात ‘जुताऊ’ म्हणजे बैलच येतो. विनोबांच्या प्रेरणेने 1982 मध्ये देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो बैलांसाठीच होता. ज्या बैलाने दहा वर्षे आपली जमीन कसली, त्याला म्हातारपणी किलोच्या भावाने विकणे हे अर्थशास्त्र असेल, पण त्याच बैलाला पोळ्याच्या दिवशी ओवाळताना आपण काय म्हणतो, याचाही विचार व्हावा.

दुसरी गोष्ट, बैल कमी झाला तो ट्रॅक्टरमुळे आणि सालगडी मिळेनासा झाल्यामुळे. कायदा नसता, तरी तो कमी झालाच असता. दाखल्याच्या काळात धडधाकट, ऐन कामाचे बैलही निकामी ठरवून ट्रकांत भरले जात होते, हे बाजारात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. 2012 च्या दुष्काळात मराठवाड्यातील लोकांनी मिळेल त्या भावाला जनावरे काढली. तेव्हा कत्तलीची वाट मोकळी होती, म्हणून शेतकरी सुखी झाला काय? त्याच्या हाती चार पैसे आले आणि गोठा रिकामा झाला.

प्रवराकाठ

वरील दोघेही बैलाबद्दल बोलत आहेत. आमच्या भागात बैल आता शर्यतीपुरता उरला आहे. गोठ्यात आहेत त्या होल्स्टीन आणि जर्सी संकरित गाई. अशा गाईला गोऱ्हा झाला, तर त्याचे करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही भाषणात येत नाही. त्याला वशिंड नसते, ऊन सोसत नाही, औताला तो चालत नाही, शर्यतीलाही कोणी घेत नाही. दूध ओतून त्याला वाढवायचे म्हणजे ज्या दुधावर घर चालते तेच त्याच्या तोंडात घालायचे. मग रात्री कोणीतरी तो गोऱ्हा दूर माळावर किंवा देवस्थानाच्या आवारात सोडून येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या तरी मक्यात असतो. हे लिहायला लाज वाटते, पण गावोगाव हेच चालले आहे.

लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरा, असा सल्ला पशुवैद्यक देतात आणि तो योग्यही आहे, कारण त्यातून दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. परंतु त्या मात्रेने गाय गाभण राहण्याचे प्रमाण साध्या मात्रेपेक्षा कमी असते. दोनदा उलटली की शेतकरी पुन्हा साध्या मात्रेकडे वळतो. शिवाय हा उपाय पुढच्या वेतांसाठी आहे. आज कासदाहाने दोन सड गेलेली आणि वर्षभर गाभण न राहिलेली जी गाय गोठ्यात उभी आहे, तिला त्याचा काय उपयोग? गाईच्या कत्तलीवर बंदी पूर्वीपासूनच होती, हे मान्य आहे; पण तपासणी आणि अडवणूक 2015 नंतर इतकी वाढली, की भाकड गाय विकण्याचे कोणी नावही काढत नाही.

काळा कोट

दोन्ही बाजूंनी कायद्याचा उल्लेख होत आहे, म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. जनावरांचे जतन हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हनिफ कुरेशी प्रकरणात गाईच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी वैध ठरवली, पण निकामी झालेल्या बैलांच्या बाबतीत सरसकट बंदी अवाजवी असल्याचे म्हटले. 2005 मध्ये गुजरातच्या कायद्यावर निकाल देताना सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ती भूमिका बदलली; शेण आणि गोमूत्र यांमुळे जनावर म्हातारपणीही उपयुक्त राहते, हा त्या निकालातील एक प्रमुख आधार होता. महाराष्ट्राची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी कायम केली. राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरील बंदी आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम, या दोन तरतुदी मात्र रद्द झाल्या.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते कलम 5ब. जनावराची कत्तल होणार आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ते विकणे हाही गुन्हा आहे, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. बाजारात म्हातारा बैल विकणाऱ्याला, समोरचा तो कशासाठी घेत आहे, हे मानण्यास कारण होते की नव्हते, हे शेवटी कोण ठरवणार? खटला चालू असताना जप्त जनावर गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवले जाते आणि त्याच्या पालनाचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याचीही तरतूद आहे. जनावराच्या किमतीपेक्षा हे बिल मोठे होणे मुळीच अवघड नाही.

आणखी एक. म्हैस या संपूर्ण बंदीत नाही; ती दाखल्यावर कापता येते. अनेक शेतकऱ्यांना आणि, खेदाने म्हणावे लागते, काही पोलीस कर्मचाऱ्यांनाही हे ठाऊक नसते.

देवणीवाला

कायद्याची माहिती उपयुक्त आहे, आभार. पण त्यातून बंदी चुकीची आहे असे निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शेणाची उपयुक्तता मान्य केली, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. रासायनिक खतांनी जमिनीतील सेंद्रिय कर्ब किती खाली आला आहे, हे माती परीक्षणाचा अहवाल हाती घेतला की दिसते. म्हातारा बैलही रोज शेण देतोच. गांडूळ खत, जीवामृत आणि गोबरगॅस यांचा हिशेब एकत्र धरला, तर आपल्या 36,500 रुपयांतले बरेच परत येतात.

प्रवराकाठ

देवणीवाला, माझ्या गोठ्यात बारा जनावरे आहेत आणि शेणखत मी स्वतःच्या उसाला वापरतो, त्यामुळे त्याची किंमत मला सांगू नये. शेण दुभत्या गाईचेही मिळते. केवळ शेणासाठी पेंड आणि मुरघास घालून जनावर पाळणारा शेतकरी मला एकदा दाखवा.

सांगोलेकर

देवणीवाला, ट्रॅक्टर आणि दुष्काळ हे आपले दोन्ही मुद्दे पशुगणनेवर तपासून पाहू. महाराष्ट्रातील गोवर्गीय जनावरे 2012 मध्ये सुमारे 155 लाख होती, ती 2019 मध्ये सुमारे 140 लाख झाली, म्हणजे जवळजवळ दहा टक्के घट. त्याच काळात म्हशींची संख्या 56 लाखांच्या आसपास स्थिर राहिली. दुष्काळ हे कारण असते, तर तो म्हशीला आधी लागला असता, कारण तिला पाणी जास्त लागते. आता पश्चिम बंगाल पाहा. तेथे 1950 च्या कायद्यानुसार चौदा वर्षांवरील किंवा कायमचे निकामी झालेले जनावर दाखल्यावर कापता येते, आणि तेथील गोवंश याच सात वर्षांत सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढला. ज्या मालाला शेवटी गिऱ्हाईक नाही, तो माल लोक ठेवत नाहीत. गोवंश वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या राज्यात गोवंश घटतो आहे आणि कायद्याबाहेरची म्हैस टिकून आहे, याचे मला तरी दुसरे स्पष्टीकरण सापडत नाही.

देवणीवाला

आकडे बरोबर आहेत, अर्थ एकांगी आहे. महाराष्ट्रात 2007 ते 2012 या काळातही, म्हणजे कत्तलीची वाट मोकळी असताना, गोवंश घटतच होता. म्हैस दुधाच्या फॅटमुळे टिकली. बंगालमध्ये लहान तुकड्यांच्या भातशेतीचे गणित निराळे आहे. आणि खिलार खोंडाची किंमत पाहा : 2021 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून चांगल्या खोंडाला लाखांनी बोली लागते. मागणी निर्माण झाली की जात टिकते, हे आपल्या सांगोल्यातच सिद्ध झाले आहे.

काळा कोट

शर्यतीचा बैल हा अपवाद आहे. शंभरांतले दोन-तीन खोंड शर्यतीला लागतात. उरलेल्यांचा प्रश्न जागेवरच राहतो.

बाजारकरी

मी जनावरांचा व्यापार करतो आणि माझे बहुतेक गिऱ्हाईक शेतकरी आहे. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यभर जनावरे खरेदी करणे बंद ठेवले, तेव्हा बाजार ओस पडले आणि म्हशीचेसुद्धा भाव कोसळले, ज्यांच्यावर बंदीच नाही. कारण एकच होते : गाडी अडवून मारहाण होते, जनावरे उतरवली जातात आणि कागद कोणी वाचत नाही. कायद्याने झडती घेण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्याला आणि सरकारने नेमलेल्या व्यक्तीला आहे. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या टोळक्याला नाही.

माझ्याच ओळखीच्या एका शेतकऱ्याने बाजारातून औतासाठी जोडी घेतली होती. बाजार समितीची पावती, कानातील बिल्ला, सगळे होते. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे कोणते जनावर कोणाचे, हे मोबाईलवर पाहता येते. तरीही गाडी अडवली गेली आणि जोडी एका गोशाळेत गेली. सोडवून आणेपर्यंत पेरणीचा वापसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, निघून गेला होता. या माणसाने कोणाची कत्तल केली होती?

देवणीवाला

बाजारकरी, अशा दांडगाईचे समर्थन मी कधीही केलेले नाही आणि करणार नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले आहेत. ते राबवले जात नसतील, तर दोष प्रशासनाचा आहे. पावती आणि बिल्ला असलेली गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे, यावर आपले एकमत समजा. कायदा रद्द करण्याची गरज त्यातून सिद्ध होत नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. सांगोलेकरांच्या मूळ आक्षेपात तथ्य आहे, पण शासन काहीच करत नाही हे खरे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन 50 रुपये अनुदानाचा निर्णय झाला आहे.

प्रवराकाठ

त्या निर्णयात ‘देशी गाय’ आणि ‘गोशाळा’ हे दोन्ही शब्द आहेत. माझी संकरित गाय त्यात बसत नाही, गोऱ्हा बसत नाही, सांगोलेकरांचा थकलेला बैल बसत नाही, आणि घरच्या गोठ्यात जनावर पाळणाराही बसत नाही. ज्या तीन प्रकारच्या जनावरांवरून हा सगळा वाद चालला आहे, नेमकी तीच बाहेर आहेत. दिवसाला 50 म्हणजे वर्षाला 18,250 रुपये होतात. ही रक्कम बिल्ला क्रमांकाशी जोडून थेट शेतकऱ्याच्या खात्यात का येऊ नये? जनावर जिवंत आहे की नाही, हे दर सहा महिन्यांनी पशुधन पर्यवेक्षकाने पाहून जावे.

देवणीवाला

ही मागणी मला मान्य आहे. एक अट घालीन : अनुदान प्रथम देशी जनावरांना मिळावे. परदेशी रक्ताचे जनावर दुधाच्या लोभाने आणायचे आणि त्याच्या म्हातारपणाचा भार तिजोरीवर टाकायचा, हे पटत नाही.

सांगोलेकर

संकरित गाई शासनाच्याच कृत्रिम रेतन केंद्रांनी चाळीस-पन्नास वर्षे गावोगाव पोहोचवल्या. तो लोभ शेतकऱ्याच्या एकट्याचा नव्हता. आणि कायद्याने जेव्हा कत्तल थांबवली, तेव्हा त्याने रक्त देशी की परदेशी असा भेद केला नाही. बंदी सगळ्यांना आणि अनुदान निवडक जनावरांना, हे माझ्याने मान्य होणार नाही. अनुदान सर्वांना द्या, आणि ते परवडत नसेल, तर 1976 चा दाखला तरी परत आणा.

देवणीवाला

दाखला नको. अनुदान सर्वांना, यावर विचार करायला मी तयार आहे.