मदत हवी आहे: चौघांच्या टेबलावर पहिला मीच का मरतो? (मॅजिक, कमांडर)

मंडळी, मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर प्रकार खेळणारं इथे कुणी आहे का? आम्ही चौघं दर शनिवारी रात्री मित्राकडे बसतो. गेले दोन महिने टेबलावरून पहिला मीच उठतोय. चहा टाकायचं काम आता आपोआप माझ्याकडे आलंय.

न खेळणाऱ्यांसाठी: प्रत्येकाचा १०० पत्त्यांचा डेक, त्यातला कमांडर (डेकचा म्होरक्या पत्ता) सगळ्यांना दिसेल असा बाजूला. बेसिक लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायचं इंधन, देणारे साधे पत्ते) सोडल्या तर एकच पत्ता दोनदा चालत नाही. लाइफ ४०, म्हणजे जिंकायला तिघांचे मिळून १२० उतरवायचे.

माझा कमांडर क्रेंको, मॉब बॉस. टॅप केला (आडवा फिरवून वापरला) की आपले जितके गॉब्लिन, तितकेच नवे येतात. परवा पहिल्याच हातात सोल रिंग (जास्तीचे माना देणारा पत्ता) आली, दुसऱ्या पाळीला क्रेंको खाली! तिसऱ्या पाळीला एकाचे दोन, मग चार, पाचवीला आठ. टोकन पुरेनात म्हणून शेंगदाणे मांडले. त्याच फेरीत पांढऱ्या डेकवाल्याने रॅथ ऑफ गॉड टाकलं, सगळे क्रीचर (लढणारे पत्ते) साफ. शेंगदाणेही त्यानेच खाल्ले. कमांडर मेला की परत आणायला दर वेळी दोन माना जास्त, म्हणून चाराऐवजी सहा मोजून क्रेंको परत आणला, तर टॅप व्हायच्या आत काळ्या डेकवाल्याने मारला. आता आठ माना, आणि लँड येईनात.

इकडे निळ्या डेकवाला तिसऱ्या पाळीपासून रिस्टिक स्टडी मांडून बसलेला. आपण काहीही खेळलो की गोड आवाजात "एक भरतोस?" जास्तीचा एक माना भरला नाही की हा पत्ता ओढणार. घाईत कुणीच भरत नव्हतं. पाळी संपताना सातच्या वरचे पत्ते तो टाकून देत होता, तरी सगळ्यांचा डोळा माझ्या शेंगदाण्यांवर! जिंकला अर्थात तोच.

बदाम सातमध्ये मी अठ्ठी दाबून बसणारा माणूस. तसा क्रेंकोही दाबून ठेवायचा का? की मग डेकचा जोरच जातो? आणि मरताना उरलेले दोन गॉब्लिन मी रागाने पांढऱ्यावर सोडले, त्यावरून "कोण जिंकणार ते तू ठरवलंस" असं ऐकून घ्यावं लागलं. हे चूक आहे का?

प्रतिसाद १: दुसऱ्या पाळीला क्रेंको म्हणजे तिघांना आमंत्रण. रॅथ पडू दे, मग रिकाम्या टेबलावर उतरव. त्याला लाइटनिंग ग्रीव्ह्ज चढव, म्हणजे आला त्याच पाळीला टॅप करता येईल. आणि तो एक माना भर रे बाबा! लाल रंगाला रिस्टिक स्टडीसारखं एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी जादू) मोडणं जवळपास जमतच नाही, केऑस वॉर्प ठेव, तो ते उचलून डेकमध्ये परत पिसतो. रागाने हल्ला केलास त्यात गैर काही नाही, पण आधीच "मला मारलंस तर तुझ्यावरच येईन" म्हणाला असतास तर त्याने दोनदा विचार केला असता. नंतर सांगून काय उपयोग?

धागाकर्ता: धन्यवाद! ग्रीव्ह्ज दुसऱ्या डेकमध्ये पडून आहेत, काढतो. पण ते घातले तर क्रेंको रॅथमधूनही वाचेल ना?

प्रतिसाद १: नाही. ग्रीव्ह्जमुळे क्रेंकोला फक्त टार्गेट करता (नेम धरून निवडता) येत नाही. रॅथ कुणाला टार्गेट करत नाही, सरसकट मारतं. म्हणून तर म्हटलं, आधी पडू दे.