इंटर्नने अर्ज लिहायचे की सलाईन लावायची?

सातपुडा_रिटर्न
परवापासून डॉक्टरांच्या ग्रुप्सवर एका सरांची पोस्ट फिरतेय. म्हणणं असं की इंटर्न पोरांना सीमेवरच्या आदिवासी भागात पाठवून कॉलेजं त्यांना समाजसेवक बनवतायत, डॉक्टर नाही. अर्ज-निवेदनं, ग्रामसभा हे पुढाऱ्यांचं काम, इंटर्नने सलाईन लावायला शिकावं. खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझी कम्युनिटी मेडिसिनची पोस्टिंग नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या बाजूला होती. ओढा ओलांडला की पलीकडे गुजरात. होळीच्या आधी माणसं ऊसतोडीहून परत येतात आणि भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एक बाई आली, सातवा महिना, हिमोग्लोबिन ६, म्हणजे धोक्याइतकं कमी. आमच्या रजिस्टरला नोंद नाही, म्हणजे ती "बाहेरची". पिशवीत गुजरातचं ममता कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं) होतं, ते आपल्याकडे चालत नाही म्हणून नवीन कार्ड काढलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या, आठ दिवसांनी या म्हणून पाठवून दिलं. मला काहीतरी खटकलं म्हणून मी जुन्या कार्डाचा फोटो काढून ठेवला होता, तो संध्याकाळी सुरतच्या मैत्रिणीला पाठवला. तिचा लगेच फोन, अगं यावर सिकलसेल लिहिलंय (रक्ताचा आनुवंशिक आजार), वाहक नाही, रुग्ण. दुसऱ्या दिवशी आशाताईसोबत दोन तास चालत पाड्यावर गेलो, तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं (ज्याला पेपरवाले बांबूलन्स म्हणतात, ऐकायला गंमत वाटते, खांद्याला विचारा) आणि जिल्ह्याला पाठवलं.

मग मी साहेबांना अर्ज लिहिला, की पलीकडचं कार्ड निदान वाचून तरी घ्या आणि होळीच्या महिन्यात परतलेल्या गरोदर बायांसाठी वेगळा दिवस ठेवा. उत्तर मिळालं, "इंटर्न आहेस, इंटर्नसारखी राहा." सरांची पोस्ट वाचून तेच वाक्य परत ऐकल्यासारखं झालं.

जुना_सर्जन
ज्या सरांची पोस्ट आहे तो मीच. इथे नाव वेगळं आहे, पण पळून जाणाऱ्यातला नाही.

ताई, तुमची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. नंदुरबारमधली आदिवासी बाई, गरोदर, हिमोग्लोबिन ६, आणि सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी टेस्ट कुणी केली नाही? कार्ड गुजराती असो की जपानी, तिथे सिकलसेल डोक्यात यायलाच हवं होतं. आणि सहा हिमोग्लोबिनची बाई गोळ्या देऊन घरी जाते? ही शुद्ध क्लिनिकल चूक आहे, त्याला तुम्ही सामाजिक न्यायाचा सदरा घातलात. मी १९८७ साली अशाच भागात होतो, टॉर्चच्या उजेडात सीझर केलंय, गावात फोन नव्हता. अर्ज लिहायला वेळच नव्हता हो, कारण समोर पेशंट होता. आजच्या इंटर्नला शिरेत सुई घालता येत नाही पण "ॲडव्होकसी"वर, म्हणजे लोकांच्या हक्कांसाठी पाठपुरावा करण्यावर, पाऊण तास बोलता येतं.

सातपुडा_रिटर्न
चूक झाली हे मान्य, मी लपवलं कुठे? पण टेस्ट का नाही झाली ते विचारा ना. किट संपले होते. किती दिवसांपासून ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. किट मागायला काय करतात सर? अर्जच करतात.

दमलेला_रेसिडेंट
दोघांनाही साष्टांग. आधी एटकॉम (पेशंटशी वागण्या-बोलण्याचे तास), मग फॅमिली ॲडॉप्शन (गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची), पीजीला आलं की तीन महिने डीआरपी, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम, शिवाय सरकारी सेवेचा बॉण्ड. समाज शिकवण्यात कुणी कसर ठेवलेली नाही. फॅमिली ॲडॉप्शनमध्ये आमच्या बॅचने काय केलं सांगू? बसने गेलो, घराघरात शिरून बीपी बघितलं, दत्तक घेतलेल्या कुटुंबाच्या आजीने विचारलं "परत कधी येशील", मी म्हणालो पुढच्या महिन्यात. लॉगबुकवर सही झाली, परत गेलोच नाही. तुमचं सीमेवरचं पोस्टिंग म्हणजे त्याचीच डोंगरातली आवृत्ती, फोटो जास्त चांगले येतात एवढाच फरक.

भरारी_पथकवाली
मी त्याच पट्ट्यात भरारी पथकात आहे, म्हणजे पाड्यापाड्यांवर फिरणारी डॉक्टर, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), कंत्राटी. पोस्ट वाचून आधी बरं वाटलं मग डोकं फिरलं. ताई, कार्ड वाचायला सुरतला फोन लावलात? त्या भागातल्या निम्म्या सिस्टरांचं माहेर नाहीतर सासर पलीकडे असतं, गुजराती त्यांना घरच्यासारखी येते. शेजारच्या खोलीत बसलेल्या सिस्टरला विचारलंत का? नाही विचारलं. कारण इंटर्न एमबीबीएस आणि सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी. तुम्ही तीन महिने येता, पाड्याची वाट आम्ही दाखवतो, पावरी बोली आम्ही बोलून देतो, मग तुम्ही शहरात जाऊन "माझा सातपुड्यातला अनुभव" सांगता. त्यात आम्ही "स्थानिक कर्मचारी" असतो.

दमलेला_रेसिडेंट
मॅडम, राग समजतो, पण बीएएमएसने ॲलोपॅथी लिहायची आणि वर एमबीबीएसला ऐकवायचं हे जरा जास्त होतंय.

भरारी_पथकवाली
आलाच क्रॉसपॅथीचा मुद्दा, वाटच बघत होते. पावसाळ्यात नर्मदेच्या बॅकवॉटरमधून बोटीने जावं लागतं तिकडच्या गावांत, या ना तुम्ही, लिहा ॲलोपॅथी, कुणी अडवलंय? एमबीबीएसची जागा भरली की ऑर्डर येते आणि महिन्याभरात डेप्युटेशनवर निघून जाते. अकरा महिन्यांच्या करारावर मी किती वर्षं काढली ते सांगितलं तर रडाल. साप चावलेल्या पोराला विषावरचं एएसव्ही लावताना तुमची मेडिकल कौन्सिल आठवत नाही मला.

दमलेला_रेसिडेंट
म्हणजे जागा रिकामी आहे म्हणून कुणीही बसायचं? उद्या ड्रायव्हरलाही बसवा. मुद्दा ट्रेनिंगचा आहे, भावनांचा नाही.

खान्देशी_ठेचा
ओ रेसिडेंट, ड्रायव्हरवर घसरू नका. माझा चुलत भाऊ १०८ वर आहे, दोन बाळंतपणं त्याने गाडीत बघितलीत, तुम्ही त्या वेळी पीजीची टेस्ट सिरीज सोडवत असाल. आणि ताई, अहिराणी बोललात तरी डोंगरावर अर्धंच कळतं बरं का, आम्ही खालचे सपाटीवरचे, आम्हालाही ते बाहेरचेच समजतात. आणि बरोबरच समजतात.

दमलेला_रेसिडेंट
ड्रायव्हरचं वाक्य मागे घेतो. बाकी नाही.

भरारी_पथकवाली
उपकार झाले.

निपाणीकर
तुमच्या सीमेवर निदान डॉक्टर-डॉक्टरच भांडतायत. आमच्याकडे कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करतो म्हणून २०२३ला महाराष्ट्राने जाहीर केलं, तर कर्नाटक सरकार चिडलं. पेशंट तिकडे काउंटरवर उभा आणि इकडे दोन विधानसभांत ठराव. इंटर्नला काय शिकवायचं ते शिकवा, पण कुठलं कार्ड कुठे चालतं हा एक तास जरूर ठेवा.

पीएसएमवाला
सर्जन साहेबांसाठी एक जुनी गोष्ट. १८४८, अप्पर सायलेशिया, टायफसची साथ. प्रशियाच्या सरकारने विर्को नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर पाठवला. तोच, ज्याची पेशींची थिअरी आपण पॅथॉलॉजीत घोकली. भाग सीमेकडचा, लोक पोलिश बोलणारे, सरकार जर्मन. त्याने रिपोर्टात औषधांपेक्षा शिक्षण, लोकशाही, आणि लोकांच्या भाषेत कारभार हे जास्त लिहिलं. मायक्रोस्कोप त्याला येत होताच. आपल्याकडेही गडचिरोलीची १९९३ची दारूबंदी बघा, त्या चळवळीत डॉक्टर होते की नाही? अर्ज लिहिल्याने हात थरथरायला लागतात असं काही नाही.

जुना_सर्जन
विर्को आधी उत्तम पॅथॉलॉजिस्ट होता, मग रिपोर्ट लिहिला. गडचिरोलीच्या डॉक्टर बंग दांपत्याने गावोगाव मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या, अर्भकांवर उपचार करून दाखवले, १९९९ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. तिथे आधी वर्षानुवर्षांचं काम आहे आणि मग आवाज. तुमचा इंटर्न बाराव्या आठवड्यात आवाज काढतो आणि तेराव्या आठवड्यात गायब. तो अर्ज पुढे कोण चालवणार? भरारीवाल्या बाईच ना?

भरारी_पथकवाली
इथे मात्र सरांचं पटलं, नाइलाजाने. माझ्याकडे अशा तीन इंटर्नांचे तीन अर्ज पडून आहेत. एकाने ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवर भाषण ठोकलं, सरपंच माझ्यावर वर्षभर रागावलेला, गाडीला डिझेल मिळायचं बंद झालं. पोरगा आता कुठल्यातरी कॉर्पोरेटमध्ये आहे. ॲडव्होकसीचं बिल आमच्या नावावर फाटतं.

सातपुडा_रिटर्न
हे झोंबलं. आणि सिस्टरला विचारलं नव्हतं हेही खरं आहे, डोक्यातच आलं नाही, का नाही आलं त्याचा विचार सकाळपासून करतेय. पण मग उपाय काय? इंटर्नने तोंड बंद ठेवायचं? की अर्जावर एकटीने सही न करता सिस्टर, आशाताई, भरारीच्या मॅडम सगळ्यांना बसवून लिहायचं आणि जाताना पुढच्या बॅचच्या हातात फाइल द्यायची? आमच्या कॉलेजात प्रत्येक बॅच शून्यापासून सुरू करते. मागच्यांनी काय मागितलं होतं, कुणालाच ठाऊक नसतं.

दमलेला_रेसिडेंट
हँडओव्हर म्हणजे. वॉर्डात करतो तसा. बरं, यात अर्थ आहे. फॅमिली ॲडॉप्शनला पण कुणीतरी करायला हवा होता, ती आजी अजून वाट बघत असेल.

जुना_सर्जन
फाइलची कल्पना बरी आहे, म्हणजे माझी पोस्ट चुकली असं नव्हे. आणि कार्डावरचं वाचता येणं ही हिस्टरी घेणं झाली, ॲडव्होकसी नव्हे, तेवढं श्रेय तुमच्या क्लिनिकल नजरेला. त्या बाईचं पुढे काय झालं?

सातपुडा_रिटर्न
जिल्ह्याला रक्त चढवलं. बाळंतपण पलीकडे झालं म्हणे, माहेरी. बाळाची सिकलसेलची तपासणी कुठल्या बाजूला झाली, झाली की नाही, ते मला कळलंच नाही. तोवर माझी पोस्टिंग संपली होती.

जुना_सर्जन
हं. तो अर्ज इथे टाका. तुमच्या पिढीला "माननीय" नंतर काय लिहायचं ते माहीत नसतं, मी दुरुस्त करून देतो. मोठा करू नका, साहेब पहिलाच परिच्छेद वाचतात.

भरारी_पथकवाली
आणि एक प्रत गुजरातीत काढा, पलीकडच्या दवाखान्यासाठी. आमची सिस्टर लिहून देईल. पैसे नाही मागणार, खाली तिचं नाव मात्र टाका. पूर्ण नाव, "स्थानिक कर्मचारी" नको.