थंडीत पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही. इंजिन उघडण्याआधी काय तपासावे?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार. आमच्याकडे १९९८ सालचा, तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे. त्याचा डिझेल पंप रोटरी पद्धतीचा असून हीटर प्लग (थंडीत सिलिंडर आधी तापवणारा प्लग) वगैरे काही नाही. डिसेंबर लागला की निफाड भागात पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर आणि काही दिवस त्याहूनही खाली उतरतो. नेमके त्याच दिवसांत भुरी या बुरशीजन्य रोगाची फवारणी वारा सुटण्याच्या आत उरकायची असते, त्यामुळे सकाळी सहाला ब्लोअर जोडून ट्रॅक्टर सुरू होणे आवश्यक असते. सध्या मात्र आठ-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. इंजिन फिरते, धुराड्यातून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, मध्येच एखादे सिलिंडर ठोका देते आणि पुन्हा सगळे थंड पडते. एकदा सुरू झाला, की मिनिटभर खडखडून सुरळीत चालतो आणि नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू होतो.

बॅटरी मागच्याच वर्षी नवी, ८८ अँपिअर-अवरची घेतली आहे. दिवाळीत दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. इंजिनात २०डब्ल्यू-४० ऑईल आहे आणि दोन ऑईल बदलांच्या मध्ये वरून ओतावे लागत नाही. रेडिएटरचे पाणीही कमी होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे, ती कितपत महत्त्वाची आहे हे कळत नाही: टाकी भरलेली असली की त्रास कमी होतो आणि अर्ध्याखाली गेली की वाढतो.

गावातील मेकॅनिकने कंप्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) गेल्याचे सांगून लायनर-पिस्टनसह फुल काम करण्याचा सल्ला दिला आहे. ऐन हंगामात इंजिन उघडून बसणे परवडणारे नाही. खरोखर तेवढे करण्याची गरज आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंपमिस्त्री

मी बरीच वर्षे पंप आणि नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचे) काम केले आहे. आपण दिलेल्या माहितीवरून लगेच इंजिन उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-सतरा पटींनी दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तापलेल्या हवेत शिरलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे सुरुवातीची हवा जितकी थंड, तितकी दाबानंतरची हवाही थंड, आणि हा फरक वाढत जातो: बाहेरच्या तापमानात तीस अंशांचा फरक असेल, तर दाबाच्या शेवटी तो सत्तर-नव्वद अंशांचा होतो. त्यात इंजिन हळू फिरत असेल, तर दाबलेल्या हवेला गार लायनरला उष्णता देऊन टाकायला आणि रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो. म्हणून उन्हाळ्यात झाकून जाणारे लहानसहान दोष थंडीत एकदम उघडे पडतात. आपल्याकडे एक मोठा दोष नसून दोन-तीन छोटे दोष एकत्र आलेले असावेत.

आता धुराकडे पाहू. सेल्फ मारताना धूरच येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे. आपल्याकडे झोंबणारा पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये जाते, पण न पेटता वाफ होऊन बाहेर पडते. हेड गॅस्केट गेल्यावरही पांढरा धूर येतो, परंतु त्याला असा झोंबरा वास नसतो आणि रेडिएटरचे पाणी घटत जाते. आपले पाणी घटत नाही, तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू.

टाकीविषयीचे आपले निरीक्षण मात्र फार मोलाचे आहे. टाकीतील डिझेलची पातळी फिल्टरच्या डोक्यापेक्षा वर असते, तोवर सैल जोडातून फार तर थोडे डिझेल पाझरते. पातळी त्याखाली गेली, की रात्रभरात त्याच जोडातून हवा आत शिरते आणि नळीतले डिझेल मागे सरकते. सकाळी पहिले काही सेल्फ ती हवा ढकलण्यातच जातात, आणि नोझलला तुटक-तुटक डिझेल मिळते. दिवाळीत फिल्टर बदलताना बँजो बोल्टचे (डिझेलची नळी फिल्टरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुनेच वॉशर परत लावले गेले असण्याची मला दाट शंका आहे. एकदा दाबून चपटे झालेले वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

पडताळणी अशी करावी. सकाळी सेल्फ न मारता फिल्टरवरील एअर स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंपाची हाताची दांडी हळूहळू मारावी. पहिल्यापासून स्वच्छ डिझेल आले तर माझी शंका चूक. फेस आला तर हवा शिरते हे नक्की. तसे झाल्यास सगळे वॉशर नवे टाकून आधी पहिल्या फिल्टरची, मग दुसऱ्याची, मग पंपावरील स्क्रूंची आणि शेवटी नोझलच्या नटांपाशी, अशा क्रमाने हवा काढावी. हा क्रम मोडला, तर हवा पुढेमागे फिरत राहते. सैल केलेल्या नटासमोर बोट किंवा तळवा कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीच्या आत घुसते आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ येते.

तारजोड

मी ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो. पंपमिस्त्रींच्या सांगण्याला माझी पुस्ती जोडतो, कारण "बॅटरी नवी आहे" या वाक्यावर विश्वास ठेवून लोक पुढे जातात आणि तिथेच फसतात.

शून्य अंशाच्या जवळपास लेड-अॅसिड बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद उन्हाळ्याच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश उरते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बॅटरी एका बाजूने कमी देते आणि इंजिन दुसऱ्या बाजूने जास्त मागते. बिनहीटरच्या अशा इंजिनाला सुरू होण्यासाठी मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे हवेत. इंजिन "फिरते" हे खरे असले, तरी ते पुरेशा वेगाने फिरते का, हे पाहिले पाहिजे.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली आहे. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मीटर लावून व्होल्टेज पहा. तिथे ९.६ च्या खाली जाऊ नये. त्यानंतर हेच मोजमाप सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर घ्या. या दोन आकड्यांतला फरक एका व्होल्टाच्या आत असला पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरवर तो हमखास जास्त निघतो, कारण अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रंग, गंज आणि खताचे क्षार साचलेले असतात. वरून ती चकचकीत दिसते, म्हणून कोणी उघडत नाही.

दुसरे म्हणजे, सेल्फ मारताना गिअर न्यूट्रल आणि पीटीओ (ब्लोअरसारखी अवजारे फिरवणारा मागचा दांडा) बंद असल्याची खात्री करून क्लच पूर्ण दाबून धरा. गिअर बॉक्समधील थंड ऑईल गुळाच्या पाकासारखे झालेले असते, आणि ते घुसळण्याचे काम सेल्फवर का टाकायचे? एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

साक्रीचा शेतकरी

आमच्याकडे इतका विचार कोणी करत नाही. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता काकडा धरला किंवा स्टार्टिंग स्प्रेचा एक फवारा मारला, की ट्रॅक्टर चालू होतो. वडिलांच्या काळापासून हेच चालत आले आहे. मल्टिमीटर घेऊन बसायला पहाटे वेळ कोणाला असतो?

पंपमिस्त्री

दादा, आपल्या अनुभवाचा मान राखून सांगतो, की ही सवय सोडावी. स्प्रेमधील ईथर डिझेलपेक्षा फार लवकर आणि एकदम पेटतो. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला, तर तो दणका रिंग आणि रिंगांच्या खाचांवर बसतो, आणि मग ज्या कंप्रेशनसाठी हा खटाटोप केला तेच जाते. स्प्रेची सवय लागलेले इंजिन पुढे स्प्रेशिवाय चालू होत नाही असे म्हणतात, त्यामागचे कारण हेच आहे. ज्या ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डवर थर्मोस्टार्ट (आत येणारी हवा तापवणारे साधन) बसवलेला असतो, त्यात स्प्रे मारणे तर सरळ आगीशी खेळ आहे, कारण आत तापलेली तार असते. काकड्याचेही तसेच. जुन्या एअर क्लीनरच्या भांड्यात ऑईल असते, हे विसरू नये.

उष्णता द्यायचीच असेल, तर रेडिएटर रिकामा करून त्यात हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरण्याचा जुना उपाय चांगला आहे. उकळते पाणी मात्र गार ब्लॉकमध्ये ओतू नये, कारण तडा जाण्याची भीती असते. रेडिएटरमध्ये कूलंट असेल, तर ते रोज काढणे व्यवहार्य नाही. अशा वेळी रात्री बोनेटवर गोणपाटे टाकून ट्रॅक्टर गोठ्याच्या आडोशाला लावला, तरी थोडाफार फरक पडतो.

द्राक्षबाग_निफाड

सर्वांचे आभार. काल आणि आज पहाटे सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट मिळाले. सेल्फ मारताना खुंटांवर १०.४, परंतु सेल्फच्या बोल्टवर आणि बॉडीवर केवळ ८.६ भरले. फरक १.८ व्होल्टांचा! त्यातले १.१ व्होल्ट एकट्या अर्थिंगच्या बाजूने जात होते. पट्टी उघडली तेव्हा खालच्या पत्र्यावर पांढरट-हिरवा थर होता. कानशीने घासून लखलखीत धातू काढला, नवी जाड केबल लावली आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. इंजिनचा आवाजच बदलला. पूर्वी ते कण्हत फिरायचे, आता झपाट्याने फिरते.

फिल्टरच्या स्क्रूतून पहिल्या सहा-सात दांड्यांना नुसता फेस आला. पंपमिस्त्रींची शंका बरोबर निघाली. दोन वॉशर जुने आणि एक तर तिरके बसलेले होते. नवे वॉशर टाकून हवा काढली. आज पहाटे तापमापकात सात अंश असताना, टाकी अर्ध्याखाली असतानाही, दुसऱ्या सेल्फला ट्रॅक्टर चालू झाला. पांढरा धूर मात्र अजून मिनिटभर येतो. आता त्याची काळजी करावी का?

कृषी_अभियंता

दुसऱ्या सेल्फला चालू होत असेल, तर हंगाम निश्चिंतपणे पार पडेल. तरीही एका बाबतीत थोडी वेगळी बाजू मांडतो. गरम असताना ट्रॅक्टर लगेच चालू होतो, एवढ्यावरून कंप्रेशन ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. झिजलेले इंजिनही गरम झाल्यावर निमूट चालू होते; झीज सर्वांत आधी थंडीतच बोलते. त्यामुळे आपले मेकॅनिक अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी मोजमाप न करता निदान केले, एवढाच माझा आक्षेप आहे. ऑईल कमी होत नाही, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. भाराखाली चालताना ब्रीदरच्या (इंजिनाच्या खालच्या भागातील वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीतून धूर जोराने फेकला जातो का, तेही पाहून ठेवावे.

एप्रिलमध्ये बाग उतरल्यावर तीन कामे क्रमाने करावीत. प्रथम इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतील फट) तपासावे, आणि ती फट आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी. फट कमी झालेली असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि लायनर-पिस्टन उत्तम असूनही कंप्रेशन कमी भरते. या अर्ध्या तासाच्या कामाने कित्येक इंजिने उघडण्यापासून वाचली आहेत. नंतर तिन्ही नोझल काढून टेस्टरवर पाहावेत. फवारा धुक्यासारखा पडतो की थेंब गळतात, हे तिथे डोळ्यांना दिसते, आणि चालू झाल्यानंतरचा मिनिटभराचा पांढरा धूर बऱ्याचदा एखाद्या गळक्या नोझलचा असतो. नोझल काढलेलेच असतात, तेव्हा त्याच भोकातून डिझेलच्या गेजने कंप्रेशन मोजून घ्यावे. तिन्ही सिलिंडरांचे आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर फुल कामाचा विषय मिटला. एखादेच सिलिंडर खूप मागे असेल, तर पुढचा खर्च कुठे करायचा हे कळेल.

आपण बॅरलमध्ये डिझेल साठवता का, हेही विचारायचे आहे. भारतीय मानकानुसार उन्हाळी आणि हिवाळी डिझेलच्या थंडीतील मर्यादा वेगवेगळ्या आहेत. ज्या तापमानाला डिझेल फिल्टरमधून जाईनासे होते, त्याची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश, तर हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आहे. मे महिन्यात भरून ठेवलेले बॅरल जानेवारीत उघडले, तर त्यातील मेण फिल्टरवर बसू शकते. त्यात रॉकेल मिसळण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच मिळते आणि रॉकेलने ते पातळ होते.

द्राक्षबाग_निफाड

बॅरल आहे, आणि ते दसऱ्याच्या आधी भरलेले आहे. उद्यापासून ते पंपसेटसाठी दुपारी वापरू आणि ट्रॅक्टरला पेट्रोल पंपावरून ताजे डिझेल आणू. टॅपेटची पुस्तिका घरातच सापडली. नोझल आणि कंप्रेशनचे आकडे एप्रिलमध्ये येथेच कळवीन.

तारजोड

जाता जाता एक विनंती. सेल्फ दगा देतो तेव्हा अनेकजण खाली उभे राहून पान्याने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो चालू होताच मागचे चाक त्या माणसाच्या अंगावरून जाते. घरातील मुलांना आणि गड्यांना हे आवर्जून सांगून ठेवा. आपल्या ट्रॅक्टरवर क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याचा सुरक्षा स्विच असेल आणि तो कोणी थेट जोडून टाकला असेल, तर टॅपेटच्या आधी तो दुरुस्त करून घ्या.