लेस, गाठ आणि ‘पिवळा’: तुमचे अनुभव सांगा

पुरुषाचं पुरुषावर प्रेम, त्यात एकाने लेसची अंतर्वस्त्रं घालायची आणि दुसऱ्याने हुकूम सोडायचा. यावर आपण एक तर विनोद करतो, नाहीतर गप्प बसतो. म्हणून हा धागा. सगळे सज्ञान आणि सगळं राजीखुशीने, एवढी एकच अट. नावं नकोत. सुरुवात मीच करतो.

काळ्या लेसचा जोड मी अंदाजाने मागवला आणि फसलो. बायकांच्या मापात छातीखालचा घेर धरतात, आपले खांदे कोण मोजतंय! पट्टा बरगड्यांत रुतत होता, खांद्यावरच्या पट्ट्या आखूड पडत होत्या. दहा मिनिटं दाराआड उभा राहिलो. मग त्याचा आवाज आला, “बाहेर ये.” त्याने आवाज चढवला नव्हता, पण त्यात नकाराला जागा नव्हती. आलो. तो हसला नाही, हे मी आजही विसरलेलो नाही. “वळ.” वळलो. हूक चुकीच्या घरात अडकला होता. त्याने तो सोडवला, सावकाश नीट लावला, पट्टीखालून एक बोट फिरवून ती सरळ केली आणि कानाशी येऊन म्हणाला, “आता मी सांगेपर्यंत हात हलवायचा नाही.” गुडघ्यांचं पाणी पाणी झालं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

रात्रपाळी:
मी हुकूम सोडणाऱ्यांतला. लोकांना वाटतं मजा आमचीच. अहो, सगळं लक्ष समोरच्याच्या श्वासावर असतं! आमचा सेफवर्ड म्हणजे सिग्नलचे रंग: हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा सबुरीने, लाल म्हणजे सगळं तिथल्या तिथे बंद. एकदा रेशमी स्कार्फने त्याचे मनगट बांधले. दिसायला देखणं, पण रेशमाची गाठ ओढ बसली की आवळतच जाते. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पिवळा. बोटं गार पडलीत.” गाठ सुटेना. मी कात्री शोधत घरभर उघडा धावलो, आणि तो पडल्या पडल्या हसतोय! स्कार्फ कापला. आता रुंद पट्टे वापरतो, पट्टा आणि मनगट यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोथट टोकाची कात्री उशाशीच असते. तोंड झाकलं असेल तेव्हा त्याच्या मुठीत रबरी चेंडू देतो. चेंडू पडला की मी थांबलो.

अर्धवट:
त्याने फर्मावलं, “गुडघ्यांवर बस.” मी म्हणालो, “उजवा दुखतोय रे.” दोघंही फुटलो. आता तो हुकूम सोडायच्या आधी उशी टाकतो.

जुनाखेळाडू:
रात्रपाळींना +१. मला कित्येक वर्षं हा आजार वाटायचा. अंगावर सॅटिन घालून कुणाच्या तरी आज्ञेत राहावंसं वाटणं म्हणजे डोक्यात काहीतरी बिघाड, अशी खात्रीच होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात सज्ञान माणसांनी संमतीने केलेला असा खेळ आजार म्हणून नाही, हे वाचलं त्या रात्री मी ती ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, “छान. आता मोजे चढव.”

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. खेळ उत्तम झाला, हसत झोपलो, आणि दोन दिवसांनी कामावर असताना उगाच डोळे भरून आले. इतकं ताणलेलं शरीर आणि मन खाली येतं, तेव्हा काहींना असं होतं म्हणे. तेव्हापासून खेळ संपल्यावर अर्धा तास पांघरूण, पाणी आणि त्याची छाती, यात तडजोड नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोनही येतो, “कसा आहेस रे?” त्या आवाजात हुकूम नसतो. मला तो आवाजही तेवढाच लागतो.

निळीफीत:
माप, गाठी सगळं आलं, धुण्याचं कुणी बोललंच नाही! लेस मशीनमध्ये टाकू नका, हूक अडकून जाळी फाटते. आमच्याकडे हे काम त्याचं. रात्री “नजर खाली” म्हणणारा हा माणूस सकाळी बेसिनपाशी वाकून, गार पाण्यात, माझी फिकट निळी लेस न पिळता दाबतो. मी मागून बघत असतो. परवा न वळताच म्हणाला, “नुसता बघू नकोस, टॉवेल आण.”

आणला.