मदत हवी आहे: २१२ पानांना मेटा डिस्क्रिप्शन लिहायचं की सोडून द्यायचं?

काटोल_रोडची_बाग (रात्री ११:४०)
लवकर उत्तर हवं आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी पुढच्या आठवड्यात सुरू होते आणि वेबसाइट अशीच पडून आहे. आमच्या २१२ पानांना मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाच्या कोडमध्ये टाकायचा छोटा परिचय, लिहावं की नाही? एक जण म्हणतो गूगल ते पाहतच नाही. दुसऱ्याने पानामागे पैसे सांगितले. शोधल्यावर आमच्या नावाखाली जे येतं ते वाचून गिऱ्हाईक आत येतच नाही. हो की नाही, एवढंच सांगा.

बर्डीवाला (रात्री ११:५२)
भाऊ, नावाखाली येऊन काय राहिलं ते तर सांगा. साइट कशावर आहे? २१२ पानं कसली? एवढं कळल्याशिवाय हो किंवा नाही कोण सांगेल?

जुना_वेबवाला (सकाळी ७:१०)
डिस्क्रिप्शन राहू द्या, आधी मेटा कीवर्ड, म्हणजे कोडमधले शोधशब्द, भरा. नागपूर संत्रा, नागपुरी संत्री, संत्रा ऑनलाइन, सगळी रूपं टाका. मी कित्येक दुकानांना असंच करून दिलंय.

धंतोली_डेस्क (सकाळी ८:०५)
कृपया हे करू नका. रँकिंगसाठी मेटा कीवर्ड वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. डिस्क्रिप्शनचाही रँकिंगमध्ये उपयोग होत नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं. पण निकालात निळ्या ओळीखाली जो मजकूर दिसतो, त्यासाठी गूगल डिस्क्रिप्शन कधी कधी घेतं. म्हणजे क्रमांक वर जाणार नाही, पण आलेला माणूस आत शिरेल की नाही यावर फरक पडतो.

काटोल_रोडची_बाग (सकाळी ९:३०)
भाऊ नाही, ताई. साइट वर्डप्रेसवर आहे, विक्रीसाठी वूकॉमर्स. खाली हे येतं: "माल खराब निघाल्यास २४ तासांत फोटो पाठवा. नंतर तक्रार चालणार नाही." संत्र्याच्या पेटीखाली हे! सासऱ्यांनी चाळीस वर्षं ही झाडं सांभाळली आणि लोकांना पहिला शब्द दिसतो तो "खराब". म्हणून घाई करतेय.

बर्डीवाला (सकाळी ९:४१)
आता समजलं ताई. त्या पानावर पेटीबद्दल मजकूर किती आहे?

काटोल_रोडची_बाग (सकाळी ९:५०)
फोटो आहेत. सहा. भाव फोटोतच लिहिलाय.

बर्डीवाला (सकाळी ९:५८)
मग गूगल घेईल काय? पानावर वाचता येण्यासारखी तेवढी एकच ओळ आहे, तीच उचलली. आधी पेटीबद्दल पाच-सहा वाक्यं पानावर लिहा: बाग कुठली, बहार कोणता, पेटीत किती किलो, तोडल्यावर किती दिवसांत पोहोचते. तक्रारीची ओळ कोडमधल्या ज्या डिव्हमध्ये (चौकटीत) आहे, त्याला डेटा-नोस्निपेट ही खूण लावा. ती पानावर दिसत राहील, पण निकालाखालच्या मजकुरात येणार नाही. डिस्क्रिप्शन त्यानंतर.

जुना_वेबवाला (सकाळी १०:२०)
एवढी खटपट कशाला? १५५ अक्षरांचं एक डिस्क्रिप्शन बनवा आणि सगळ्या पानांना चिकटवा. दहा मिनिटांचं काम.

धंतोली_डेस्क (सकाळी १०:३५)
सगळीकडे एकच मजकूर चिकटवण्यापेक्षा रिकामं ठेवलेलं बरं. रिकामं असलं तर गूगल निदान त्या पानातलं काही उचलतं. आणि १५५ हा नियम नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गूगल सव्वातीनशे अक्षरांपर्यंत दाखवू लागलं, लोकांनी धावपळ करून सगळं लांब लिहिलं, आणि मे २०१८ मध्ये ते परत आखूड झालं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं पहिल्या वाक्यात ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. आपल्याला "संत्री" ही दोन अक्षरं वाटतात. डिस्क्रिप्शनची अक्षरं मोजणारा प्लगिन (साइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) त्यात स, अनुस्वार, त, पाय मोडल्याची खूण, र आणि वेलांटी असे सहा धरतो. त्यामुळे लांबी दाखवणारी त्याची पट्टी लवकर लाल होते. घाबरून वाक्य तोडू नका, मोबाइलवर शोधून स्वतः पाहा.

महालातली (दुपारी १२:१५)
विषय निघालाच आहे तर, आंबिया आणि मृगातलं कोणतं संत्रं घ्यावं? आमच्या घरी दरवर्षी यावरून वाद होतो.

वरुडकर (दुपारी १२:४०)
आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग साधारण फेब्रुवारी-मार्चात. मृगाचं जास्त गोड लागतं असं आमच्याकडे म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ताईंनी पानावर नक्की लिहावं.

बर्डीवाला (दुपारी १:०५)
ताई, २१२ पानं कसली ते राहिलंच. तुमच्याकडे एवढ्या वस्तू आहेत?

काटोल_रोडची_बाग (दुपारी २:२०)
मोजून आले. विकायच्या वस्तू ३१: संत्र्याच्या पेट्या, बर्फी, सरबत, लोणचं. बाकी बहुतेक टॅगची पानं, म्हणजे एकेका शब्दाखाली त्याच वस्तूंची यादी, आधी काम केलेल्याने केलेली. "संत्रा", "संत्री", "संत्रे" असे वेगवेगळे टॅग आहेत.

धंतोली_डेस्क (दुपारी २:३५)
टॅगच्या पानांना एक शब्दही लिहू नका, ती नोइंडेक्स करा, म्हणजे गूगल ती निकालात दाखवणार नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात परफॉर्मन्स उघडा आणि इंप्रेशन (निकालात दिसण्याची संख्या) भरपूर पण क्लिक कमी अशी पानं काढा. सुरुवात तिथून. पानामागे पैसे मागणाऱ्याला २१२ चे देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवता का? तिथे खाली येणारी ओळ ओपन ग्राफमधून, म्हणजे लिंक शेअर करताना दिसायच्या मजकुराच्या कोडमधून, येते. ती वेगळी भरली नसेल, तर योस्टसारखा प्लगिन मेटा डिस्क्रिप्शनच तिथे देतो. तुमची गिऱ्हाइकं तिथेच जास्त असतील, तर लिहिण्याला हेही कारण पुरेसं आहे.

काटोल_रोडची_बाग (रात्री १०:१५)
दहा किलोच्या पेटीच्या पानावर मजकूर टाकला, तक्रारीच्या ओळीला डेटा-नोस्निपेट लावलं. डिस्क्रिप्शन असं लिहिलं: "काटोलजवळच्या आमच्या बागेतली आंबिया बहाराची संत्री. आज तोडली की उद्या पेटी निघते. दहा किलो, महाराष्ट्रभर घरपोच." चालेल?

बर्डीवाला (रात्री १०:२२)
एकदम चांगलं. सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत जाऊन इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने पान पुन्हा वाचावं अशी, विनंती करा. लगेच बदलेलच असं नाही. कोणी दुसरं काही शोधलं तर गूगल पानातलं दुसरं वाक्यही दाखवेल, तेव्हा डिस्क्रिप्शन गेलं म्हणून पुन्हा खोडू नका.

काटोल_रोडची_बाग (पाच दिवसांनी, सकाळी ६:५०)
पेटीचं पान बदललं. आत्ता शोधलं, "आज तोडली की उद्या पेटी निघते" असं दिसतंय. सासऱ्यांना मोबाइलवर दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं. बर्फीच्या पानाखाली अजून ती जुनीच ओळ आहे, तिथे मजकूर टाकायचा राहिलाय. मजूर आलेत, संध्याकाळी बसते.

महालातली (सकाळी ७:३०)
ताई, पाच किलोची पेटी आहे का?